तराजू कोणाच्या हातात : टॅरोच्या आधाराने केलेल्या आत्मपरीक्षणाचे एक प्रकरण

या प्रकरणातील व्यक्ती पंचेचाळिशी ओलांडलेल्या फिजिओथेरपिस्ट आहेत. एका मोठ्या रुग्णालयाच्या पुनर्वसन विभागात त्या पंधराहून अधिक वर्षे काम करीत होत्या. विभागप्रमुख निवृत्त झाल्यावर ती जागा त्यांना देऊ करण्यात आली आणि होकार किंवा नकार कळवण्यासाठी सहा आठवड्यांची मुदत मिळाली. आधीच्या प्रमुखांची तब्येत साथ देत नसल्यामुळे ड्यूटी लावणे, नव्याने आलेल्यांना शिकवणे आणि तक्रारी निस्तरणे ही सगळी कामे गेली दोन वर्षे त्याच करीत होत्या. पद, पगार आणि सहीचा अधिकार मात्र त्यांच्याकडे नव्हता. आता ते सारे रीतसर मिळत असताना त्यांना आतून ‘नको’ असे वाटत होते. त्यांचा खरा पेच पदाचा नव्हताच, तर या आतून येणाऱ्या नकाराला अंतःप्रेरणा मानायचे की भीती, हे कसे ओळखावे, हा होता.

त्यांच्याकडे टॅरोचा, म्हणजे भविष्य पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चित्रमय पत्त्यांचा, एक संच बऱ्याच वर्षांपासून होता आणि त्या अधूनमधून स्वतःसाठी कार्डे काढत असत. आत्मपरीक्षणासाठी माझ्याकडे येण्यापूर्वी त्यांनी एका टॅरो वाचकाचा सल्ला घेतला होता. तलवारींची काही कार्डे पाहून ‘जवळच्या माणसाकडून दगा होईल, पद घेऊ नका’ असे त्यांना सांगण्यात आले होते. त्या सल्ल्याने त्यांची चिंता कमी झाली नाहीच, उलट त्या प्रत्येक सहकाऱ्याकडे संशयाने पाहू लागल्या. म्हणून आमचे पहिले ठरले ते असे की कार्डांना भविष्याविषयी काहीही विचारायचे नाही. कार्ड हे पाहण्याचे निमित्त असेल आणि निर्णय कार्डांबाहेर, कागदावर आणि माणसांशी बोलून घेतला जाईल. झोप, भूक आणि रोजचे काम बिघडण्याइतका त्रास त्यांना होत नव्हता, याची खात्री मी आधी करून घेतली. तसा त्रास असता तर कार्डे बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्याचा आग्रह धरला असता. ओळख पटेल असे तपशील येथे बदलले आहेत.

संचाविषयीचा गैरसमज आणि तो दूर करण्याची गरज

पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितले की ही कार्डे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांनी रचली आहेत, त्यामुळे त्यांतला अर्थ आपल्याला पूर्ण उलगडणे शक्य नाही. ही समजूत सर्रास आढळते आणि एरवी ती दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडण्याचे कारण नसते. येथे मात्र ते होते. कार्डात पूर्वजांचे गूढ ज्ञान दडलेले आहे असे मानणारी व्यक्ती चित्र पाहत नाही, ती थेट पुस्तकातला अर्थ शोधते, आणि स्वतःच्या नजरेवर विश्वास ठेवण्याची सवय लावायची असेल तर हाच पहिला अडसर ठरतो.

वस्तुस्थिती अशी की टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान आणि फेरारा यांसारख्या दरबारांच्या परिसरात, पत्त्यांचा एक खेळ म्हणून तयार झाले. त्यांचे मूळ इजिप्तमध्ये आहे हा दावा १७८१ मध्ये फ्रान्समधील आंत्वान कूर द जेब्लँ यांनी केला. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी कोणालाही वाचता येत नव्हती, कारण शांपोल्यों यांनी ती उलगडली ती १८२२ मध्ये. भविष्यकथनासाठी या पत्त्यांचा पद्धतशीर वापरही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच रुजला. त्यांच्या हातात होता तो संच १९०९ मध्ये लंडनच्या रायडर प्रकाशनाने बाजारात आणलेल्या रचनेचा होता. त्याची कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. या चित्रकर्तीचे काम आमच्या दृष्टीने फार महत्त्वाचे होते. जुन्या संचांत मायनर अर्कानाच्या, म्हणजे पेले, दंड, तलवारी आणि नाणी या चार चिन्हांच्या छप्पन्न पत्त्यांपैकी अंकी पत्त्यांवर बहुधा नुसते सहा पेले किंवा आठ दंड मांडलेले असत. स्मिथ यांनी या छप्पन्नांपैकी बहुतेक कार्डांवर माणसे, हालचाल आणि प्रसंग रंगवले. नुसत्या सहा नाण्यांकडे पाहून फारसे काही सुचत नाही, पण कोणी कोणाला नाणी देत आहे आणि कोणी हात पसरून थांबले आहे असे दिसले की पाहणारा त्यात स्वतःची जागा शोधू लागतो.

अठ्ठ्याहत्तर कार्डांपैकी बावीस मेजर अर्कानाची. सम्राट, सम्राज्ञी, संन्यासी, मूर्ख, मृत्यू अशा या आकृत्यांना आदिबंध म्हणण्याची आता सवय झाली आहे. ‘आर्किटाइप’ ही संज्ञा मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९१९ पासून वापरायला सुरुवात केली. मात्र त्यांच्या लेखी आदिबंध म्हणजे एखादे ठरलेले चित्र नव्हे. तो चित्र घडवणारा साचा असतो आणि प्रत्येक माणूस आपल्या अनुभवाने तो भरतो. टॅरोवर त्यांनी ग्रंथ लिहिलेला नाही. १९३३ च्या एका परिसंवादात आणि आणखी मोजक्या ठिकाणी त्यांनी या पत्त्यांचा ओझरता उल्लेख केला, एवढाच संबंध आहे, आणि बाजारात त्यांच्या नावावर जे खपवले जाते त्यातले पुष्कळसे नंतरच्या लेखकांचे आहे. तरीही त्यांच्या दोन कल्पना या प्रकरणात उपयोगी पडल्या. एक म्हणजे छाया, अर्थात स्वतःविषयीच्या प्रतिमेत न बसल्यामुळे नेणिवेत ढकललेला भाग. दुसरी म्हणजे प्रक्षेपण, अर्थात तो नाकारलेला भाग दुसऱ्या कोणावर तरी दिसू लागणे.

बैठकीची रीत

‘मी हे पद घ्यावे का?’ हा त्यांचा मूळ प्रश्न बदलून ‘हे पद घेताना माझ्यात काय अडते आहे?’ असा केला. हो-नाहीच्या प्रश्नाला कार्डे काढणे म्हणजे कौल लावणे. मग आलेला कौल मनासारखा आहे की नाही, एवढेच पाहायचे उरते. तीन जागा ठरवल्या : जे मला उघड दिसते, जे मी टाळते आणि ज्याला मी बिचकते. कार्ड उलटल्यावर प्रथम दहा मिनिटे फक्त चित्रात काय दिसते ते लिहायचे, अर्थ लिहायचा नाही. त्यानंतर ‘या चित्रात तुम्ही कुठे आहात?’ या एकाच प्रश्नाचे उत्तर लिहायचे. पुस्तक उघडायचे ते सर्वांत शेवटी, आणि वाटल्यासच.

शेवटची पायरी त्यांना सुरुवातीला जाचक वाटली. मनात जो अंदाज उमटला असेल तो तारीख घालून अशा शब्दांत लिहायचा की पुढे तो चुकीचा ठरू शकेल. ‘सगळे माझ्यापासून तुटतील’ हे वाक्य कधीच खोटे ठरत नाही. ‘पहिल्या महिन्यात किमान दोन सहकारी माझ्याशी कामापुरतेच बोलतील’ हे खोटे ठरू शकते. पहिल्या प्रकारच्या वाक्याचे रूपांतर दुसऱ्या प्रकारात करताना त्यांना जो त्रास झाला, त्यात बरेच काही उघड झाले, कारण काही भीती अशा होत्या की नेमक्या शब्दांत आणायला गेले की त्या विरघळून जात.

पहिली बैठक

पहिल्या जागी सिक्स ऑफ पेंटॅकल्स (सहा नाणी), दुसऱ्या जागी हर्मिट (संन्यासी) आणि तिसऱ्या जागी एम्परर (सम्राट) अशी कार्डे आली.

सिक्स ऑफ पेंटॅकल्सच्या चित्रात भरजरी वस्त्रे घातलेला एक सधन माणूस उभा आहे. त्याच्या एका हातात तराजू आहे, दुसऱ्या हाताने तो नाणी देत आहे, आणि पायाशी दोन गरजू माणसे गुडघ्यांवर बसली आहेत. नाणी पडत आहेत ती दोघांपैकी एकाच्याच हातात. त्यांनी वहीत जवळजवळ पाऊण पान लिहिले. देणाऱ्याचे कपडे, त्याचा झुकलेला चेहरा, मागणाऱ्यांची फाटकी वस्त्रे, रिकामी पार्श्वभूमी असे सारे त्यात होते. ‘तो थकलेला आहे. रोज हेच दोघे येतात. त्याला कोणी विचारत नाही की तुझे काय,’ असे त्यांनी शेवटी लिहिले. चित्रात तुम्ही कुठे आहात, याचे उत्तर अर्थातच ‘देणारा’ असे होते. पाऊण पानात तराजूचा उल्लेख एकदाही नव्हता. मी ते लक्षात ठेवले, पण बोलून दाखवले नाही, कारण वगळलेली गोष्ट दुसऱ्याने दाखवून दिली की व्यक्ती ती नम्रपणे मान्य करते आणि तितक्याच सहज विसरते.

हर्मिटविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. ‘मला एकांत हवा आहे’ असे त्यांनी लगेच लिहिले. हा त्या कार्डाचा पुस्तकी अर्थ त्यांना पाठच होता. हातातला कंदील, त्यातला तारा, पायाखालचा बर्फ यांपैकी काहीही त्यांनी पाहिले नव्हते. तयार अर्थ इतक्या चटकन हाताशी आला की तेथे फारसे काही सापडत नाही, असा माझा अनुभव आहे, त्यामुळे ते कार्ड तसेच सोडून दिले.

एम्परर पाहताच त्यांनी वही बंद केली. ‘हे आमचे जुने साहेब,’ एवढेच त्या म्हणाल्या. पुन्हा लिहायला सांगितल्यावर त्यांनी दगडी सिंहासन, त्यावर कोरलेली मेंढ्यांची डोकी आणि मागचे ओसाड डोंगर टिपले, आणि मग एक वाक्य लिहिले : ‘झग्याखाली चिलखत घातले आहे. सिंहासनावर बसलेल्या माणसाला एवढी भीती कसली?’ त्या दिवसाच्या सगळ्या लिखाणात मला सर्वांत खरे वाटलेले वाक्य हे होते, कारण ते पुस्तकातले नव्हते, त्यांच्या जुन्या साहेबांविषयीच्या तक्रारीतलेही नव्हते, आणि ते लिहिल्यावर त्या स्वतःच थोड्या गोंधळल्या.

जुळण्याची स्वस्ताई

आठवडाभरानंतर त्या आल्या तेव्हा खूश होत्या. तिन्ही कार्डे आपल्याला ‘अचूक’ लागू पडतात, असे त्यांचे म्हणणे होते. येथे थोडे थांबणे भाग होते. १९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी आपल्या एकोणचाळीस विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणीचा निष्कर्ष म्हणून प्रत्येकी एक वर्णन दिले आणि ते स्वतःला किती लागू पडते याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. वर्णन सर्वांना एकच दिलेले होते आणि ते फुटपाथवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेले होते. लागू पडणे ही फार स्वस्त गोष्ट आहे.

हे नुसते सांगून भागणार नव्हते, म्हणून एक उलटतपासणी केली. संचातून त्यांना न आलेली तीन कार्डे मी मुद्दाम निवडली आणि हीच कार्डे पहिल्या बैठकीत आली होती असे समजून लिहायला सांगितले. सन, फोर ऑफ कप्स आणि नाइट ऑफ वँड्स ही ती कार्डे. अर्ध्या तासात त्यांनी तीही स्वतःला चपखल बसवून दाखवली. फोर ऑफ कप्समध्ये ढगातून आलेला हात चौथा पेला पुढे करतो आणि झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला तरुण तिकडे पाहत नाही. देऊ केलेल्या पदाशी हे कार्ड तर आधीच्या तिन्हींपेक्षा जास्त जुळत होते. त्या हिरमुसल्या. पण या हिरमुसण्यातूनच आमचा पुढचा मार्ग मोकळा झाला : कार्ड जुळते की नाही हा प्रश्न सोडून द्यायचा, आणि चित्रात असूनही आपल्याला काय दिसले नाही, किंवा दिसल्यावर काय खटकले, तेवढेच पाहायचे.

त्या रोज सकाळी एक कार्ड काढू लागल्या होत्या. त्यात एम्परर पुन्हा आला तेव्हा तो संकेत आहे असे त्यांना वाटले. रोज संपूर्ण संच पिसून एक कार्ड काढले तर अकराव्या दिवसापर्यंत कोणते तरी कार्ड दुसऱ्यांदा येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक होते. तीन कार्डांच्या मांडणीत मेजर अर्कानाचे किमान एक कार्ड असण्याची शक्यता साधारण ६४ टक्के असते. हे आकडे ऐकून त्या हसल्या, पण वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी ते लिहून ठेवले.

आकड्यांचा खरा उपयोग पुढे झाला. आईच्या तपासणीचा अहवाल यायचा होता त्याच सकाळी त्यांच्या हाती डेथ हे कार्ड आले. पांढऱ्या घोड्यावरचा काळ्या चिलखतातला सांगाडा पाहून त्या दिवसभर कामात चुकत राहिल्या. हे कार्ड बदलाचे प्रतीक आहे, त्यामुळे घाबरू नये, अशी समजूत घालण्याची प्रथा आहे. मला ती अपुरी वाटते, कारण तीही कार्डाला काहीतरी माहीत आहे हेच गृहीत धरते. सहा आठवडे रोज एक कार्ड काढणाऱ्या माणसाला हे कार्ड एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के असते, आणि अहवालाचा कागद ते कार्ड निघण्याच्या आधीच छापून तयार होता. अहवाल चांगला आला, पण तो वाईट आला असता तरीही कार्डाला त्यातले काहीच माहीत नव्हते, हे मी त्यांना स्पष्टपणे सांगितले. रोजचे कार्ड त्यानंतर बंद केले. चिंतेच्या दिवशी कार्ड काढायचे नाही, हा नियमही तेव्हाच झाला.

तराजू

तिसऱ्या आठवड्यात मी सिक्स ऑफ पेंटॅकल्स पिसून न काढता सरळ टेबलावर ठेवले आणि पहिल्या वेळचे लिखाण न वाचता पुन्हा दहा मिनिटे लिहायला सांगितले. या वेळी त्यांना एक काम जास्तीचे दिले : चित्रातील प्रत्येक हात कोणते काम करतो आहे ते लिहा. चौथ्या-पाचव्या ओळीला त्या थांबल्या. ‘तराजू आहे की याच्या हातात,’ असे म्हणून त्यांनी कार्ड उचलून जवळ धरले. जुने पान काढून पाहिले आणि तेथे त्याचा उल्लेख नाही हे त्यांचे त्यांनाच दिसले.

यानंतरचे संभाषण कार्डाविषयी राहिले नाही. विभागात रुग्णांची वाटणी त्याच करीत असत. अवघड रुग्ण, विशेषतः पक्षाघातानंतरचे, त्या स्वतःकडे घेत आणि सोपे रुग्ण एका तरुण सहकारी मुलीकडे देत. ‘तिला झेपणार नाही म्हणून,’ हे त्यांचे कारण. त्या मुलीने पक्षाघाताचे रुग्ण मिळावेत म्हणून दोनदा विचारले होते. आपण देणाऱ्या आहोत, लोक घेत राहतात आणि आपले कोणी पाहत नाही, ही त्यांची कहाणी खोटी नव्हती, पण कोणाला किती आणि काय द्यायचे हे मोजणाऱ्याही त्याच होत्या, आणि त्या मोजण्यातली सत्ता त्यांना सोडवत नव्हती. पालनकर्त्या आदिबंधाची ही नेहमीची छाया आहे. जो सांभाळतो त्याला सांभाळले जाणारे लोक लहानच राहिलेले बरे वाटतात. मी हे वाक्य उच्चारले नाही. त्यांनी स्वतः जे लिहिले ते अधिक बोचरे होते : ‘मी तिचे ओझे घेत नव्हते. तिचे शिकणे घेत होते.’

मग एम्पररचे कोडे आपोआप सुटत गेले. पद नसताना त्या सत्ता वापरत होत्या, पण प्रेमाच्या आणि कष्टाच्या नावाखाली, त्यामुळे तिचा हिशोब कोणी मागत नव्हते. पद घेतले की तीच सत्ता उघड होणार होती, तिच्यावर बोट ठेवले जाणार होते, आणि म्हणून चिलखताची गरज भासत होती. जुन्या साहेबांवर त्या ज्या हुकूमशाहीचा राग काढत होत्या, ती काही अंशी त्यांचीच होती. अर्थात ते साहेब खरोखरच हेकट असतील तर त्याने यात काही फरक पडत नाही. प्रक्षेपण बहुतेकदा अशाच माणसावर होते, ज्याच्या अंगी त्याला आधार सापडतो.

अंतःप्रेरणा की भीती

आता मूळ प्रश्नाकडे येता येत होते. आतला आवाज नेहमी खरा असतो, असे आत्मपरीक्षणाच्या क्षेत्रात फार सैलपणे बोलले जाते. डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन हे अंतःप्रेरणेविषयी परस्परविरोधी मते असलेले दोन मानसशास्त्रज्ञ. २००९ मध्ये त्यांनी मिळून एक निबंध लिहिला, आणि त्यात दोन अटींवर त्यांचे एकमत झाले. ज्या क्षेत्रात घटनांना काही नियमितता असते आणि माणसाला आपल्या अंदाजांचा निकाल वेळेवर कळून शिकण्याची पुरेशी संधी मिळालेली असते, तेथेच त्याच्या चटकन उमटणाऱ्या अंदाजाला वजन द्यावे. आपल्याला किती खात्री वाटते, हे काही त्याचे माप नव्हे.

हा निकष या बाईंना समजावून सांगावा लागला नाही, कारण त्याचे उत्तम उदाहरण त्या स्वतःच होत्या. रुग्ण दारातून आत येताना त्याची चाल पाहून कोणता स्नायू कमकुवत आहे, कोणता पाय तो दुखऱ्याला वाचवण्यासाठी जास्त टेकवतो आहे, हे त्यांना तपासणीआधीच कळत असे, आणि हजारो वेळा तपासणीने त्यांचा अंदाज खरा किंवा खोटा ठरवलेला होता. ही खरी अंतःप्रेरणा. विभागात कोण दमले आहे, कोणाचे कोणाशी पटत नाही, याविषयीचे त्यांचे अंदाजही याच जातीचे होते. पण ‘मला प्रमुखपद झेपणार नाही’ हा अंदाज कोणत्या अनुभवावर उभा होता? त्या कधीही प्रमुख झालेल्या नव्हत्या. तेथे नियमितता नव्हती, निकालही नव्हता. जोर मात्र दोन्ही आवाजांचा सारखाच होता.

त्यांनी वहीत दोन रकाने केले आणि आतापर्यंतचे सगळे अंदाज त्यांत वाटले. इतरांविषयीचे आणि कामाविषयीचे अंदाज एका बाजूला गेले, स्वतःच्या भावी भावनांविषयीचे दुसऱ्या बाजूला. पहिल्या रकान्यातला एक अंदाज असा होता की प्रमुख रुग्णांपासून दूर गेला की तीन महिन्यांत विभागाची खबर त्याला उशिरा लागू लागते. हे त्यांनी आधीच्या दोन प्रमुखांच्या बाबतीत पाहिलेले होते. त्याला वजन द्यावे असे आम्हा दोघांनाही वाटले. दुसऱ्या रकान्यातल्या ‘मी एकटी पडेन’, ‘मला झोप लागणार नाही’ अशा वाक्यांना ऐकून घ्यायचे, पण मत द्यायचे नाही, असे ठरले.

मुदत संपण्याच्या आदल्या रात्री त्यांनी सगळे नियम मोडले. एकाच प्रश्नासाठी त्यांनी ओळीने सात-आठ वेळा कार्डे काढली, आणि मनासारखे कार्ड येईपर्यंत पिसत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी हे संकोचाने सांगितले. मला त्यात संकोचासारखे काही दिसले नाही. उलट ती रात्र सर्वांत बोलकी होती, कारण कोणते कार्ड आल्यावर हात थांबला हा प्रश्न आता विचारता येत होता. हात थांबला होता स्ट्रेंग्थवर, सिंहाचा जबडा हलकेच हाताळणाऱ्या स्त्रीच्या कार्डावर. म्हणजे आपल्याला काय हवे आहे हे त्यांना आधीच माहीत होते, आणि कार्डांकडून त्या फक्त परवानगी मागत होत्या.

निकाल

त्यांनी पद स्वीकारले. त्याआधी कामाचे स्वरूप लेखी मागितले आणि आठवड्यातले दोन अर्धे दिवस रुग्णांसाठी राखून ठेवण्याची अट घातली. ती मान्य झाली. एक जादा सहायक मिळावा ही दुसरी मागणी नाकारली गेली. रुग्णांची वाटणी त्यांनी आपल्या हातून काढून फिरत्या यादीवर टाकली. त्या तरुण मुलीकडे पक्षाघाताचे रुग्ण जाऊ लागले. सुरुवातीला तिच्या नोंदींत उणिवा होत्या, पण त्या दुरुस्त करण्याचा मोह त्यांनी दर वेळी आवरला असे मी म्हणणार नाही.

तीन महिन्यांनंतर आम्ही वही पुन्हा तपासली. पहिल्या रकान्यातले बहुतेक अंदाज खरे ठरले होते. दुसऱ्या रकान्यातले बरेचसे चुकले होते. झोप लागत होती, आणि कामापुरतेच बोलू लागलेला सहकारी दोन नव्हे, एकच निघाला. तो मात्र अनपेक्षित होता. पदासाठी इच्छुक असलेला, त्यांच्याच वयाचा एक सहकारी कमालीचा तुटकपणे वागू लागला होता. आधीच्या वाचनातले दग्याचे भाकीत असे खरे ठरले, असे कोणी म्हणेल. पण त्याने दगा काही दिला नव्हता, तो नाराज होता, आणि ते समजण्यासाठी तलवारींची कार्डे लागत नाहीत. मला महत्त्वाची वाटली ती दुसरीच गोष्ट. त्या संपूर्ण वहीत या माणसाचे नाव एकदाही आलेले नव्हते. चित्रात जे आहे पण दिसले नाही, ते दुसऱ्यांदा पाहताना सापडू शकते. जो माणूस पाहणाऱ्याच्या मनाच्या चौकटीतच नाही, त्याला कोणतेही चित्र पुढे आणून उभे करत नाही. या पद्धतीची ही ठळक मर्यादा आहे.

एक शंका वाजवी आहे. हे सारे नुसत्या लिखाणानेही झाले नसते का? जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगापासून, मनातल्या त्रासदायक गोष्टी ठरावीक वेळ सलग काही दिवस लिहून काढण्याच्या परिणामांवर पुष्कळ काम झाले आहे, आणि या बाई आठवड्यामागून आठवडे लिहीतच होत्या. एका प्रकरणातून लिखाणाचा वाटा किती आणि चित्राचा किती हे वेगळे काढता येत नाही. तरीही मला चित्राचे एक काम वेगळे वाटते. कोऱ्या कागदावर आपण जे लिहीत नाही त्याची खूण कुठेच राहत नाही. छापील चित्र मात्र पहिल्या दिवशी होते तसेच तिसऱ्या आठवड्यातही असते, त्यामुळे आपल्या नजरेने काय गाळले हे त्याच्याशी ताडून पाहता येते. तराजू पहिल्या दिवशीही त्या माणसाच्या हातात होताच. या कामासाठी टॅरोच हवे असे नाही. माणसे, वस्तू आणि हालचाल असलेले कोणतेही संदिग्ध चित्र चालेल. १९३५ मध्ये हेन्री मरे आणि क्रिस्टियाना मॉर्गन यांनी तयार केलेली चित्रकथा चाचणीही अशाच चित्रांवर उभी आहे, मात्र तिचा वापर प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञांनी करायचा असतो.

त्या नाराज सहकाऱ्याबाबत काय करावे यासाठी त्यांनी पुन्हा तीन कार्डे काढावीत का, असे विचारले. मी त्यांना कार्डांऐवजी त्याच्याशीच बोलायला सुचवले. त्या बोलल्या. निवड कशी झाली हे आपल्याला कोणी सांगितलेच नाही, ही त्याची तक्रार होती आणि ती खरी होती. त्यांनी ती वरिष्ठांकडे लेखी पोचवली. संबंध पूर्वीसारखे झाले नाहीत, पण रुग्णांविषयीच्या साप्ताहिक बैठकीला तो आता येतो.